दुसऱ्या कॅमेऱ्याची टेप

ती टेप कोरी निघाली, असं मी आजवर सांगत आलो. पैलवानाच्या बापाला सांगितलं, मालकांना सांगितलं, पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही तसंच सांगितलं. सांगताना दर वेळी कॅमेऱ्याच्या हेडवर धूळ बसली होती, हा तपशीलही न विसरता जोडला. टेप कोरी नव्हती. तिच्यावर जे होतं ते मी तीनदा पाहिलं आणि मग माझ्या हातानं पुसलं. एवढं लिहायला मला पंचविसाच्या वर वर्षं लागली. लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. किळस वाटते. तेव्हा वाटत होती तीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कराडात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या केबलचं ऑफिस होतं. तेव्हा गावोगावच्या केबलवाल्यांचं स्वतःचं एक चॅनल असायचं. दुपारी सिनेमा, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुंज, पुन्हा सिनेमा. आमच्या मालकांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती, की आपल्याकडे माणूस सिनेमा अर्धवट सोडून उठेल, पण कुस्ती सोडून उठणार नाही. जत्रा आणि उरूस सुरू झाले की दोन दिवसाआड कुठेतरी मैदान असायचं. आम्ही त्याचं चित्रण करायचो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे दाखवायचो, आणि त्याच्या कॉप्या सातारा, सांगली, फलटणच्या केबलवाल्यांना एसटीनं पाठवायचो. कंडक्टरच्या पायाशी टेपांची पिशवी ठेवली की काम झालं. त्या टोकाला कोणीतरी स्टँडवर येऊन उतरवून घ्यायचा.

मग मालकांनी पुण्याहून व्हिडिओ आत घेता येणारा कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी एक खोली लाकडी फळ्यांनी बंद करून घेतली, एसी बसवला, दारावर ‘डिजिटल विभाग’ अशी पाटी लावली आणि मला विभागप्रमुख केलं. मी तोवर टीव्ही दुरुस्त करायचो, लग्नांचं शूटिंग करायचो. माझ्या हाताखाली दोन कॅमेरामन, धावतं वर्णन करणारे एक निवृत्त गुरुजी आणि कॉम्प्युटरवर बसणारी मलकापूरची एक मुलगी. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि आमच्यात खरं काम येणारी ती एकटीच होती. मी प्रमुख म्हणजे काय, तर मागे उभा राहून ‘इथं कापा, इथं थांबा’ म्हणणारा.

त्या खोलीला खिडकी नव्हती. टेपचं हेड पुसायच्या स्पिरिटचा वास, खोलीत मारायचा मोगऱ्याचा स्वस्त फवारा, कॉम्प्युटरला ओवाळलेली उदबत्ती आणि मालकांचा मावा, सगळं एकात एक कोंडलेलं असायचं. मालक बोलता बोलता केराच्या टोपलीत थुंकायचे आणि तोंड पुसून म्हणायचे, “आता हे सगळं डिजिटल करून टाका.” वास येतो हे मी कधी बोललो नाही. न बोलणं हा माझा स्वभावच होता आणि लोक त्याला सज्जनपणा समजायचे.

आमच्या कामाची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैदानावर आमचे दोन कॅमेरे असायचे. एक नंबरचा उंच, बांबूच्या मचाणावर. हे मचाण आम्ही नेहमी अशा बाजूला बांधायचो की मागे जाहिरातींचे फलक दिसतील. खत, बियाणं, सराफ, दूध. दोन नंबरचा कॅमेरा खाली, आखाड्याच्या कडेला, जवळजवळ मातीला टेकलेला. त्याच्यात फलक येत नसत, पंचांचे पाय आणि समोरच्या लोकांचे गुडघे यायचे. म्हणून तो कुस्तीभर चालू असला तरी त्यातली फक्त गर्दीची तोंडं आणि हलगीवाले वापरायचो. कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा एवढीशी, त्यामुळे आत घ्यायची ती एक नंबरची टेप. दोन नंबरची टेप आठवडाभर कपाटात पडायची आणि मग दुसऱ्या कामाला वापरायची. एक नंबरला आवाज जायचा तो गुरुजींच्या माइकवरून. मैदानातला आवाज दोन नंबरच्या टेपवर. म्हणजे कुठल्या बाजूनं कुस्ती बघायची, हे आमच्याकडे कुस्ती ठरवत नव्हती. बियाण्याचा फलक ठरवत होता. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. उलट मचाण कुठं बांधायचं हे मला नेमकं कळतं, असं मालक चारचौघांत सांगायचे आणि मला बरं वाटायचं.

तो पैलवान जतकडचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं घर, अलीकडे थोडी शेती करायला लागलेलं. हा मात्र लहानपणापासून सांगलीच्या एका तालमीत राहिलेला. एका साखर कारखान्याचं त्याला मानधन होतं. कारखाने असे दहा-पंधरा पैलवान सांभाळायचे. त्यावर त्यांचा खुराक चालायचा, दूध, तूप, बदाम. मानधन थांबलं की खुराक थांबला, आणि खुराक थांबला की पैलवान गावी परतला, हे ठरलेलं. या पोरानं त्या हंगामात दोन मोठ्या कुस्त्या गमावल्या होत्या. कारखान्याच्या कमिटीनं त्याला सांगून ठेवलं होतं, की आणखी एक हरलास तर यादीतून नाव जाईल. बरोबरीत सुटली तरी चालेल, पण पाठीला माती लागता कामा नये. हे सगळं मला नंतर कळलं. पण ती टेप पुसताना मला हे माहीत होतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मैदान सांगलीच्या बाजूच्या एका गावात होतं. याची कुस्ती दोन नंबरच्या इनामाची. बराच वेळ खडाखडी झाली. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या गावाला जायचं होतं आणि त्यांच्या हातून बक्षीस दिल्याशिवाय एक नंबरची कुस्ती लावता येत नव्हती, म्हणून स्टेजवरची मंडळी घड्याळ बघायला लागली होती. गुरुजी माइकवरून म्हणाले, “दोघांनी आज मुक्कामाला अंथरुणं आणल्यात काय, ते कुणीतरी विचारा.” लोक हसले. तेवढ्यात समोरच्या पैलवानानं पट काढून याला खाली घेतलं, मागून कब्जा केला आणि घिस्सा मारला. हा उलथा होऊन पडला, पण पडता पडता त्यानं मान टेकवून कमान धरली. डोकं आणि टाचा मातीत, मधलं सगळं अंग वर, त्याच्यावर समोरच्याचं शंभर किलो. मग पंचानं शिट्टी वाजवली, समोरच्याचा हात वर केला, माणसं आत धावली.

पंचाला मी दोष देत नाही. तो ज्या बाजूला होता तिथून त्याला पाठ टेकलीच वाटली असणार. मचाणावरून मलाही तसंच वाटलं. चूक कुणाचीही होते. माझं जे झालं ते चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती टेप कॉम्प्युटरवर घेतली. तेव्हा स्लो मोशन ही आमच्याकडे नवी गोष्ट होती. परदेशातल्या क्रिकेटमध्ये लोकांनी ती बघितली होती, आपल्या मातीत कुणी बघितली नव्हती. मी मुलीला म्हटलं, शेवटचा डाव सावकाश करा, गुरुजींचा आवाज काढा, खाली हलगी टाका. तिनं केलं. मग मला सुचलं की खांदा जिथं मातीला लागतो तिथं चित्र थांबवावं आणि भोवती लाल गोल काढावा. ती म्हणाली, “सर, गोल कशाला? दिसतंय की.” मी म्हटलं, शेवटच्या बाकावरच्यालाही दिसलं पाहिजे. लाल गोल माझा. त्याचं श्रेय मी तेव्हा घेतलं होतं, तर आताही घेतो.

ती पंधरा सेकंदं इतकी चालली की विचारू नका. संध्याकाळी दाखवली, रात्रीच्या सिनेमाच्या मध्यंतरात दाखवली, दुसऱ्या दिवसापासून मालकांनी ती प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी लावायला सांगितली. सातारा-फलटणहून फोन आले, पुढच्या टेपेत पण असा गोल टाका. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना हातानं गोल करून दाखवायचे. पैलवानाची छाती वर ताणलेली, तोंड वाकडं झालेलं, डोळे पांढरे. तो खांदा हळूहळू खाली येतो, मातीला लागतो, थांबतो, लाल गोल येतो आणि खालून बियाण्याची पट्टी सरकत जाते. एका माणसाचा सगळ्यात वाईट क्षण आम्ही जाहिरातीला जोडून दिवसातून दहा वेळा विकत होतो आणि मी घरी जाऊन पोटभर जेवत होतो.

तीन-चार दिवसांनी दुपारी मुलीनं मला खोलीत बोलावलं. गर्दीची तोंडं हवी होती म्हणून तिनं दोन नंबरची टेप लावली होती. तिनं टेप मागे नेली आणि चालू केली.

खालच्या कॅमेऱ्यात कुस्ती आडवी दिसत होती, अगदी मातीच्या पातळीवरून. पैलवान कमानीत होता. त्याच्या उजव्या खांद्याखालून पलीकडच्या पंचाचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते. स्वच्छ दिसत होते, लेसच्या गाठीसकट. शिट्टी वाजली तेव्हाही ते दिसत होते. शिट्टी ऐकून त्यानं अंग सोडलं, आणि मग खांदा मातीला लागला.

म्हणजे माझ्या लाल गोलातला खांदा शिट्टीनंतरचा होता. एक नंबरच्या टेपवर गुरुजींच्या आवाजात शिट्टी ऐकूच येत नव्हती. जी काही येत असेल ती मी हलगी टाकून घालवली होती. आणि सावकाश केल्यामुळे त्या अर्ध्या सेकंदाचे चार सेकंद झाले होते. मैदानातल्या पंचाची चूक फक्त मैदानात झाली होती. मी तिचा पुरावा तयार करून दोन जिल्ह्यांत वाटला होता.

मी टेप पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा एकेक चित्र थांबवत बघितली. मुलगी म्हणाली, “सर, आज ही बाजू दाखवूया का?” मी म्हटलं, बघू. मालकांना विचारतो. मालकांना मी विचारलं नाही. खरं कारण सांगायचं तर मालकांची भीती नव्हती. ते कदाचित म्हणालेही असते की दाखवा, वाद होईल, लोक अजून बघतील. मला माझा गोल पुसायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते, हे तुम्ही केलं का. आणि मी मान खाली घालून, लाजल्यासारखा, हो म्हणत होतो.

दोन दिवसांनी पैलवानाचा बाप आला. दुपारचे बारा वाजले होते. जतहून निघालेला माणूस दोन एसट्या बदलून पोचला होता. डोक्याला लाल पटका, हातात काठी, उंच, वाळका आणि माझ्या अपेक्षेपेक्षा फारच मोकळा. बाहेरच्या सोफ्यावर ऐसपैस बसला, पाणी मागून घेतलं, भिंतीवरच्या टीव्हीत स्वतःच्या मुलाला तीनदा पडताना बघितलं आणि मग मला म्हणाला, मुलगा तालमीत तोंड लपवून बसलाय, जेवत नाही. कमिटीची बैठक सोमवारी आहे. म्हातारा आणि तालमीचे वस्ताद कमिटीला सांगायला गेले होते की खांदा टेकला नव्हता. तर कमिटीतला एकजण म्हणाला, टीव्हीवर दिसलंय की सगळ्यांना, अजून काय बघायचं.

मी म्हटलं, हो, ते दिसतंय खरं.

“आवं सायेब, तुमची पेटी खोटं बोलती आसं मी म्हनत न्हाई,” तो म्हणाला. “पर ती येका डोळ्यानं बघतीया. दुसरा डोळा कुटं हाय?”

मला कळलं नाही असं मी दाखवलं. त्यावर तो हसला. म्हणाला, आखाड्याच्या कडेला तुमचा दुसरा माणूस कॅमेरा घेऊन पालथा पडला होता, आणि मी त्याच्या पुढ्यातच बसलो होतो. “दोनदा मला पटका काढाय लावला त्येनं. म्हनला, आजोबा, डोस्कं खाली घ्या, तुमचा झेंडा मधी येतुया. मी काडला. म्हंजी त्येला सगळं सपष्ट दिसलं आसणार न्हवं? त्याची टेप द्या. सोमवारी कमिटीला दावतो, मंगळवारी तुमाला आणून देतो. जामीन म्हणून ही काठी ठेवून जातो पायजे तर.”

मुलगी आत होती. दार उघडं होतं. टेप तिच्या मागच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात होती, पाठीवर माझ्याच अक्षरात गावाचं नाव आणि ‘२’ लिहिलेलं.

मी म्हटलं, “ती टेप कोरी निघाली. हेडवर धूळ बसली होती.”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखादा दुकानदार माल संपला म्हणाला की आपण त्याच्या मागच्या फळीकडे बघतो, तसं.

“म्हंजी आंधळा हुता दुसरा डोळा.”

“हो.”

“व्हय का. बरं.” तो उठला. दारात थांबून म्हणाला, “पटका उगंच काडला म्हनायचा.” आणि जिना उतरून गेला. त्याच्या काठीचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत येत होता, तोवर मी तिथंच उभा.

आत गेलो तर मुलगी डबा घेऊन गच्चीवर जायला निघाली होती. ती गेल्यावर मी टेप काढली. त्याच दिवशी सकाळी एका मोटारसायकलच्या शोरूमचं उद्घाटन शूट झालं होतं, त्याची कॉपी करायची होती. कपाटात कोऱ्या टेपा होत्या. एक नाही, अख्खा खोका होता. मी दोन नंबरची टेप घातली, सुरुवातीला नेली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मशीनवरचे आकडे पुढे सरकत गेले. कुस्ती साधारण कुठल्या आकड्यावर होती ते मला पाठ होतं. तो आकडा येऊन गेला तेव्हा पडद्यावर कोणीतरी फीत कापत होतं आणि एक बाई नारळाचं पाणी साडीवर उडू नये म्हणून मागे सरत होती. मी खुर्चीत बसून ते शेवटपर्यंत पाहिलं. हात घामानं चिकट झाले होते आणि एसीत थंड पडत होते. उठून हात धुतले. टॉवेलला मालकांच्या माव्याचा वास होता, म्हणून पुन्हा धुतले. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा वास त्यांचा आहे.

सोमवारी कमिटीची बैठक झाली. यादीत पैलवानाचं नाव नव्हतं.

मुलीनं राजीनामा वगैरे दिला नाही. घरी तिच्या पगाराची गरज होती. पण पुढच्या मैदानाच्या वेळी मी म्हटलं, गोल टाका, तर ती कॉम्प्युटरकडेच बघत म्हणाली, “सर, तो गोल आता निघत नाही.” मी म्हटलं, का? म्हणाली, “माझ्याच्यानं निघत नाही.” त्यानंतर गोल मी स्वतः काढायला शिकलो. वाकडे यायचे. दोन महिन्यांनी तिला इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये लॅबची नोकरी लागली. जाताना तिनं सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला.

ती पंधरा सेकंदं मात्र वाढतच गेली. मालकांनी व्हिडिओ सीडी काढल्या, जत्रेत विकायला, त्यात ती पहिली होती. मग पुण्याच्या कोणाकडून तरी वेबसाइट करून घेतली, तर तिथंही तीच, काड्यापेटीएवढ्या चौकोनात, अडखळत चालणारी. मुंबईहून एका मोठ्या चॅनलची माणसं आली होती, त्यांना मालकांनी माझी ओळख करून दिली: ग्रामीण भागातला डिजिटल माणूस. त्यातल्या एकानं माझा हात बराच वेळ हातात धरला. पुढची सगळी नोकरी, मुंबईतली मोठी टीम, काचेची केबिन, सगळं त्या हातातून आलं. त्याबद्दल इथं लिहीत नाही. ज्यावर ते उभं आहे तेवढंच सांगायचं होतं.

पण एक राहिलं, आणि खरं म्हणजे तेच सांगण्यासाठी बसलो होतो. टेप पुसली ते निदान मी गोल जाईल या भीतीनं, एकट्यानं केलं होतं. हे तसं नव्हतं.

पुढच्या हंगामात आम्ही जतकडच्या एका गावच्या मैदानावर गेलो होतो. मचाण बांधून झालं होतं, कुस्त्या सुरू व्हायला अवकाश होता. मी फलकांकडे बघत उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, “सायेब, वळखलं का?”

मी वळलो आणि ओळखलं नाही. पैलवानाचं अंग खुराकाशिवाय कसं उतरतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. मान तेवढी जाड राहिली होती, बाकी सगळं सैल, कपड्यांत लोंबल्यासारखं. तो म्हणाला, आता टेम्पो चालवतो, मेंढरं मिरजेच्या बाजाराला नेतो. बरं चाललंय. तुमी बरं हाय न्हवं? मी म्हटलं, बरं आहे. मला तिथून जायचं होतं, पण त्यानं बोलायला सुरुवात केली आणि तो इतकं साधं बोलत होता की पाय निघेना.

त्यानं सांगितलं, घरात त्या कुस्तीवरून अजून भांडण होतं. बाप म्हणतो टेकला नव्हता. पहिल्यांदा हाही तेच म्हणत होता.

“मला कळत हुतं वो. वजन समदं मानंवर हुतं, खांदा मोकळा हुता. शिट्टी झाली म्हनून सोडलं म्या. आसं वाटायचं मला.” तो मातीकडे बघत बोलत होता. “पर मंग टीवीवर बघितलं. येकदा न्हाई, लय बारी. च्या प्याय बसलं की लागायचं. बघून बघून मला वाटाय लागलं, आपल्यालाच कळलं न्हाई. आपल्या आंगाचं आपल्याला काय कळतंय? आता कुणी इचारलं तर सांगतो, टेकला हुता. पर म्हातारा आयकत न्हाई. चारचौघांत बोलतो, माझं पोरगं पडलं न्हाई. लोक हसत्यात. मला लाज वाटती. दोन म्हयनं झालं, मी बोलत न्हाई त्येच्यासंगट.”

मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“तुमी तर जवळनं बघितलंय, मशिनीत घालून. टेकला हुता न्हवं?”

तिथं कोणी नव्हतं. मालक नव्हते, पाहुणे नव्हते, कमिटी कधीच उठून गेली होती. माझं काही जाणार नव्हतं. टेप पुसलेली होती, मला कोणी पकडूही शकलं नसतं. मी फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं, आणि एका माणसाला त्याचं अंग परत मिळालं असतं.

मी म्हटलं, “टेकला होता.”

त्यानं मोठा श्वास सोडला. चेहरा खरोखर मोकळा झाला त्याचा. मी आजही तो चेहरा आठवून दात घासता घासता थांबतो. म्हणाला, “मंग बरं. म्हातारा आलाय हितं, सांगतो त्येला. सायबांनीच सांगितलं म्हनतो, म्हंजी मिटंल येकदाचं.”

मी त्याला थांबवलं नाही. तो गर्दीतून वाट काढत पलीकडच्या कडेला गेला. तिथं त्याचा बाप आखाड्याच्या जवळ, अगदी पुढच्या रांगेत, मांडी घालून बसला होता. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून मुलगा उकिडवा बसला आणि काहीतरी सांगायला लागला. मला शब्द ऐकू येत नव्हते. म्हातारा आधी ऐकतच नव्हता, मान दुसरीकडे केली होती. मग मुलानं माझ्याकडे बोट केलं.

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. मधे सगळा आखाडा होता, नुकतं पाणी मारलेला. तो माझ्याकडे बघत होता. त्यानं भुवया उंच केल्या, विचारल्यासारख्या. एवढ्या लांबूनही ते मला कळलं.

मी मान हलवली. होकाराची.

म्हाताऱ्यानं मांडीवरची काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि जरा सरकून मुलाला बसायला जागा करून दिली.